देवाची हाक की आपलीच घाई?

हल्ली आपल्या प्रार्थनासभांत एक वाक्य फार सहज कानावर पडतं : 'देवाने मला सांगितलं.' इथे हैदराबादेत शेजारच्या बाकावरून तेच तेलुगूत ऐकू येतं, 'देवुडु चेप्पाडु'. नोकरी सोडली, देवाने सांगितलं. घर विकलं, देवाने सांगितलं. ठरलेलं लग्न मोडलं, तेही देवानेच. पुढे काही बिनसलं की सैतानाने आडकाठी आणली, नाहीतर देवाची मर्जी. म्हणजे निर्णय घेताना आपण नाही आणि तो फसल्यावरही आपण नाही! गणित चुकलं की पेनला दोष देणारी मुलं शाळेत पुष्कळ पाहिली, त्यांची आठवण होते.

देव बोलत नाही, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण ऐकणारे कान आपले आहेत. त्यात आपली हौस, भीती, शेजाऱ्याशी असलेली चढाओढ, सगळंच वाजत असतं.

प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय काढून पाहा. पौलाला बिथुनियात जायचं होतं. आत्म्याने वाट अडवली. मग त्रोवसला रात्री त्याला मासेदोनियातला माणूस बोलावताना दिसला. दृष्टान्त झाला एकट्या पौलाला, पण देव तिकडेच बोलावतोय हे ठरवलं कुणी? तिथे लूक 'आम्ही' लिहितो. सोबत्यांनी मिळून ठरवलं. एकविसाव्या अध्यायात तर आणखी गंमत आहे. सोर गावचे शिष्य आत्म्याच्याच प्रेरणेने पौलाला यरुशलेमला जाऊ नको म्हणतात, आणि त्याच आत्म्याने बांधलेला पौल जातोच. कोण चुकलं? लूक निकाल देत नाही. मग आपण दर रविवारी इतक्या खात्रीने निकाल कसे देतो?

लोयोलाचे संत इग्नेशियस १५२३ साली यरुशलेमला पोचले ते जन्मभर तिथेच राहायचं ठरवून. देवाची हीच इच्छा, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. तिथल्या फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी साफ सांगितलं, राहता येणार नाही. या बुवाने काय केलं? 'माझा देव मोठा की तुमचा हुकूम' असा वाद घातला नाही. परत फिरला आणि बार्सेलोनात, तिशी उलटल्यावर, लहान पोरांच्या बरोबरीने लॅटिनची बाराखडी गिरवायला बसला. पुढे १५३७ मध्ये पुन्हा यरुशलेमचाच बेत, तर तुर्कांशी युद्धामुळे व्हेनिसहून जहाजच सुटेना. सोबती रोमकडे वळले आणि १५४० मध्ये येशूसंघाला पोपची मान्यता मिळाली. मन उदास, कोरडं असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा त्यांचा नियम तर प्रत्येक घरात लिहून ठेवण्यासारखा आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांतलं उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. ते प्रॉटेस्टंट, मी कॅथलिक, पण ते आपल्या सर्वांचेच. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळे येशूचे शिष्य एकत्र यावेत ही कल्पना. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले आणि दरबार तिथेच थांबल्यासारखा झाला. म्हणून ती हाक खोटी होती का? मला नाही वाटत. यश मिळालं की देवाचं आणि अपयश आलं की आपलं, हा हिशेब क्रुसासमोर टिकत नाही. मात्र टिळकांनी पहिली झळ स्वतःला लावून घेतली, आणि संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंनी सोसली. त्यांची 'स्मृतिचित्रे' वाचताना तेही विसरू नये. देवाचं बोलावणं एकाला येतं, बिल मात्र घरच्यांच्या नावावर फाटतं. तेव्हा घरच्यांना विचारणं हाही ऐकण्याचाच भाग आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. आपल्या ओळखीतल्या काही घरांत साखरेच्या, फिटच्या गोळ्या बंद होत आहेत, कारण कुणीतरी डोक्यावर हात ठेवून 'तू बरी झालीस, आता औषध म्हणजे अविश्वास' असं सांगितलेलं असतं. इथे मात्र मी पौलासारखा प्रश्न उघडा ठेवणार नाही. आपल्या कॅथलिक बायबलात सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय आहे. वैद्याला आणि जमिनीतून येणाऱ्या औषधाला देवानेच निर्माण केलं, असं तिथे स्पष्ट आहे. येशूने बऱ्या केलेल्या कुष्ठरोग्यालासुद्धा याजकाकडे जाऊन दाखवायला पाठवलं, म्हणजे तपासणी करून घ्यायलाच की!

प्रार्थनागट चालवणाऱ्या बंधुभगिनींना विनंती आहे. प्रार्थना जरूर करा, हात ठेवा, उपास करा. पण रोग्याला 'गोळी थांबव' म्हणू नका. ते डॉक्टरला रिपोर्ट पाहून म्हणू द्या. आणि ज्यांनी अशा गोळ्या थांबवल्या असतील त्यांनी पुढच्या रविवारची वाट न पाहता उद्या सकाळीच दवाखान्यात जावं. सोबतीला माणूस नसेल तर पॅरिशमध्ये फादरांना सांगा, कुणीतरी येईल.