बुका, बुके आणि एक फूल

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, म्हणजे देवदिवाळी. आज आमच्या फलटणनगरीत प्रभू श्रीरामचंद्रांचा रथ निघतो. महानुभाव पंथीय ज्या गावाला आपले तीर्थ मानतात, आषाढी वारीत ज्ञानोबा माउलींची पालखी जेथे मुक्कामाला विसावते, त्या गावाचा हा घरचा सोहळा. पहाटेपासून मंदिराच्या वाटेवर फुलवाल्यांच्या पाट्या लागतात. शेवंती, झेंडू, गुलाब आणि निशिगंध यांच्या राशींवरून थंडीतला वारा येतो आणि रथ हलण्यापूर्वीच उत्सव सुरू झाल्याची वर्दी देतो. अशा दिवशी फुलांविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्ही योजले. विषय किरकोळ वाटेल. परंतु या विषयात आमच्या मुखातून एक प्रमाद घडला आहे आणि त्याची कबुली देण्यास आजच्यासारखा दिवस नाही.

नारदीय कीर्तनाचा क्रम वाचकांस ठाऊक आहेच. नमन होते, पूर्वरंगात निरूपण होते आणि उत्तररंगातील आख्यान लावण्यापूर्वी क्षणभर विसावा असतो. त्या विसाव्यात यजमान पुढे येतो, कीर्तनकाराच्या कपाळी बुका लावतो आणि गळ्यात हार घालतो. तो हार आमचा नव्हे. ज्या गादीवर आम्ही उभे असतो ती देवर्षी नारदांची. हार त्यांचा, खांदा तेवढा आमचा. आमच्या लहानपणी वडील कीर्तनाहून परतले की तो हार देवापुढे ठेवीत, आणि सकाळी आई त्यातील टवटवीत फुले निवडून आळीतल्या लेकीबाळींना वाटीत असे. केळीच्या सोपटाच्या धाग्यात ओवलेला हार एका हिसड्यात सुटा होई. उरलेले निर्माल्य तुळशीच्या मुळाशी जाई. फूल आले कोठून आणि गेले कोठे, हे घरातल्या पोराटोरांनाही दिसत असे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र बुक्याच्या जोडीला बुके आला. शब्दात कान्याची तेवढी मात्रा झाली. व्यवहारात बरेच काही बदलले. आता विसाव्याच्या वेळी संयोजक, त्यांचे सहकारी, प्रायोजक आणि प्रायोजकांचे पाहुणे अशी रांग लागते. प्रत्येकाच्या हाती चकचकीत कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ. दिला, घेतला, छायाचित्र निघाले, की तो मागच्या टेबलावर. एका गावी आम्हांस एका रात्रीत अकरा पुष्पगुच्छ मिळाले आणि बिदागी मात्र तबलजी व पेटीवाला यांच्या प्रवासखर्चालाही पुरली नाही. गावाचे नाव सांगत नाही. त्यांचे प्रेम खरे होते, हिशेब चुकला होता.

तेव्हापासून आम्ही कीर्तनात एक कोटी करू लागलो. 'बुका कपाळाला लागतो, बुके कपाळाला हात लावायला लावतो!' श्रोते खदखदून हसत. टाळी हमखास मिळे. टाळीची चटक वाईट. पुढे पुढे आम्ही तीत भर घालू लागलो: ही फुले परदेशी, यांना वास नाही, ही देवाला चालत नाहीत, नुसता रंगीबेरंगी गोंधळ, आणि हे विकणारे लोक म्हणजे फुलांचे दलाल.

गेल्या वर्षी आमच्याच तालुक्यात एका सप्ताहात ही कोटी झाली, टाळी झाली, आरती झाली. मंडळी पांगल्यावर एक शेतकरी जोडपे पुढे आले. नीरा उजव्या कालव्याच्या बाजूला त्यांची जमीन. बाईंनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "बुवा, राग मानू नका. पण तुमच्या हातात आज जो बुके दिला ना, त्यातली जरबेरा आमच्या शेडमधली होती."

आम्ही निरुत्तर झालो. मग त्यांचे यजमान बोलू लागले. दहा गुंठ्यांचे हरितगृह, त्यासाठी बँकेचे कर्ज, ठिबकाच्या नळ्या, रात्री-अपरात्री औषधपाणी. पहाटे फुले काढायची, दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या, गाडीला लावून पुण्याच्या गुलटेकडीला पाठवायच्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. देवळे बंद, लग्ने बंद, सत्कार बंद. "झाडाला काय कळतंय बुवा, गिऱ्हाईक न्हाई म्हणून? ते फुलतच राहतं. फूल काढलं न्हाई तर झाड बसतं. रोज सकाळी काढायची आन् बांधावर टाकायची. आठ महिने." महाराष्ट्रातली देवळे त्या वर्षी उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, तोपर्यंत त्यांच्या बांधावर किती फुले कुजली असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

निघताना बाई हळूच म्हणाल्या, "त्याच्या आधीच्या सप्त्यात तुम्हीच सुदामा माळ्याची कथा सांगितली होती. लई बरं वाटलं होतं ऐकून."

वाचकहो, आजवर अनेकांनी आमच्या निरूपणातील चुका दाखविल्या; असे अचूक बोट कोणी ठेवले नव्हते. हा सुदामा पोह्यांचा नव्हे. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात राम-कृष्ण मथुरेत प्रवेश करतात, तेव्हा नगरीतल्या बड्या लोकांना सोडून ते ज्यांच्या दारी जातात त्यांत हा सुदामा नावाचा मालाकार आहे. तो उठून सामोरा येतो, पूजा करतो आणि सुगंधी फुलांच्या उत्तमोत्तम माळा दोघा भावांना व त्यांच्या सवंगड्यांना घालतो. देव प्रसन्न होऊन वर माग म्हणतात. तो मागतो तीन गोष्टी: अढळ भक्ती, भक्तांशी मैत्र आणि भूतमात्रांविषयी दया. देव त्याला मागितलेले देतातच, वर न मागितलेली संपत्ती आणि कीर्तीही देतात. फुले विकून पोट भरणाऱ्याच्या दारी भगवंत आपण होऊन गेले, ही कथा आम्ही शेकडो वेळा डोळ्यांत पाणी आणून सांगितली, आणि त्याच गादीवरून आजच्या मालाकाराची टवाळी केली! म्हणून त्या जोडप्याची आम्ही त्याच रात्री क्षमा मागितली. टवाळी चारचौघांत झाली होती, तेव्हा क्षमाही चारचौघांत मागणे प्राप्त आहे. ती येथे मागतो.

आता आमच्या आक्षेपांचेच परीक्षण करू. फूल परदेशी, हा पहिला आक्षेप. ज्या झेंडूवाचून आमचा दसरा होत नाही, तो मुळात अमेरिका खंडातला. वाल्मीकींच्या अयोध्येने त्याला पाहिले नव्हते. ज्या निशिगंधाने आमच्या देवांचे हार शुभ्र होतात, तो मेक्सिकोचा. दोघेही परके म्हणून आले आणि गाभाऱ्यापर्यंत पोहोचले. मग दक्षिण आफ्रिकेकडून आलेल्या जरबेराने काय घोडे मारले? वास नाही, हा दुसरा आक्षेप. गणरायाला प्रिय असलेल्या जास्वंदीला तरी कोठे वास आहे? मिश्रण, हा तिसरा. आमच्या विष्णूच्या गळ्यातील वैजयंती माळ पंचवर्णी मानतात. आमचे माळी निशिगंधात गुलाब आणि गुलाबात मरवा ओवतात. मिश्रण हा दोष नव्हे. हारात मात्र प्रत्येक फुलाचे तोंड दिसते, आणि स्वस्त बुकेत चार फुलांची उणीव ओंजळभर पानांनी झाकलेली असते, एवढे मात्र आम्ही अजूनही म्हणू.

परंतु सगळेच आक्षेप आम्ही मागे घेत नाही. एक शिल्लक आहे, आणि तो फुलांवर नाही, गाठीवर आहे.

त्याच वर्षी मिळालेला एक देखणा पुष्पगुच्छ श्रीरामांच्या चरणी वाहावा म्हणून आम्ही मंदिरात नेला. पुजाऱ्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि नम्रपणे म्हणाले, "बुवा, हा वाहायचा कसा?" खरेच होते. बाहेर प्लॅस्टिकचा कागद, आत चिकटपट्टी, देठांना तार, तळाशी हिरवा स्पंज. हा स्पंज मातीत मिसळत नाही. तोही प्लॅस्टिकचाच प्रकार, चुरगळला की त्याचे बारीक कण होतात. फुले सोडवू लागलो तर तारेने देठ तुटले. देवाला वाहता येईना, वाटता येईना, तुळशीला घालता येईना. जे पुढे देता येत नाही, ते दान कसले?

शब्दांची थोडी चिकित्सा येथे अप्रस्तुत होऊ नये. बुके हा शब्द फ्रेंच. त्याचा जुना अर्थ झाडांचा लहानसा पुंजका. गुलदस्ता फारसी, गुल म्हणजे फूल आणि दस्ता म्हणजे मूठ किंवा जुडी. संस्कृतात अमरसिंहाने गुच्छक आणि स्तबक हे शब्द दिले आहेत, परंतु ते झाडावरल्या घोसाचे. तो घोस झाडानेच बांधलेला असतो, त्यामुळे तार लागत नाही. राजा भर्तृहरीने नीतिशतकात या स्तबकाच्या मिषाने मनस्वी पुरुषाच्या दोनच गती सांगितल्या आहेत: सर्वांच्या मस्तकी मिरवावे, नाहीतर रानातच सुकून जावे. आम्ही आधुनिकांनी तिसरी गती शोधून काढली: छायाचित्रापुरते हाती धरावे आणि मंडपामागच्या कचऱ्यात टाकावे. भर्तृहरीला ही सुचली नाही, कारण त्याच्या काळी अपमानाचीही काही मर्यादा होती.

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील सव्विसावा श्लोक लहान मुलांनाही पाठ असतो. पान, फूल, फळ, पाणी, जे कोणी भक्तीने देईल ते मी स्वीकारतो, असे भगवंत त्यात सांगतात. विद्यार्थ्यांना व्याकरण शिकविताना आम्ही एक गोष्ट नेहमी दाखवितो: या चारही वस्तू तेथे एकवचनात आहेत. एक पान, एक फूल, एक फळ. व्याकरण्याला ही बाब साधी वाटेल. कीर्तनकाराला तीत देवाचा स्वभाव दिसतो. मोजायचेच असेल तर त्याने भक्ती मोजली आहे, फुले नव्हेत. जुलै २०१७ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळविले की, पंतप्रधानांच्या देशांतर्गत दौऱ्यात पुष्पगुच्छ देऊ नयेत. फार तर एक फूल, त्यासोबत खादीचा रुमाल किंवा पुस्तक द्यावे. सरकारी कागदात गीतेचे एकवचन अवचित उतरले, याचे आम्हांस कौतुक वाटले. उलट आज गावोगाव क्रेनने हार चढविले जातात. रघुवंशात नारदांच्या वीणेवरून निसटलेल्या दिव्य माळेच्या स्पर्शाने राणी इंदुमतीचे प्राण गेले, अशी कथा आहे. हे क्रेनचे हार पाहिले की सत्कारमूर्तीची काळजी वाटते.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. 'पुष्पगुच्छ नकोत' असे फलक लावले की विचार पुरा झाला, असे नाही. त्या फलकाचा फटका हरितगृहातल्या त्या जोडप्याला बसतो. शिवाय खऱ्या फुलाची जागा रिकामी राहत नाही. तेथे प्लॅस्टिकचे फूल येऊन बसते. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, त्या यादीत सजावटीचे थर्माकोल होते, प्लॅस्टिकची फुले नव्हती. फूलउत्पादकांना त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. जे फूल सुकत नाही ते देवाला वाहता येत नाही, हे सांगण्यास खरे तर न्यायालय लागू नये. सुकणे हाच फुलाचा धर्म आहे. आज दिलेले आजच दिले, हे त्या सुकण्यातून कळते.

म्हणून आमचे मागणे बेताचे आहे. फुले द्या, अवश्य द्या. हार द्या, बुके द्या, मिश्र द्या, परदेशी द्या. फक्त ती सुटतील अशी बांधा. तारेऐवजी दोरा, प्लॅस्टिकऐवजी केळीचे किंवा कर्दळीचे पान, स्पंजाऐवजी ओले फडके. पुष्पगुच्छ बांधणाऱ्या आमच्या बंधूंना हे अवघड नाही. त्यांच्या बोटांत सुदाम्याचीच कला आहे. गिऱ्हाइकाने मागितले, की ते देतील. आणि अकरा जणांनी अकरा देण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक द्यावा. उरलेल्या पैशांतून तबलजीची बिदागी वाढवावी.

आम्हीही एक नेम केला आहे. मिळालेला गुच्छ आम्ही आता मंडपातच सोडतो. पहिले फूल देवाला, दुसरे पेटीवाल्याला, तिसरे तबल्याला; राहिलेली पुढे बसलेल्या पोरांना आणि मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना. आख्यान संपल्यावर माणसे एकेक फूल हाती घेऊन घरी जातात. गेल्या महिन्यात एका लहानग्या मुलीने तिच्या वाट्याचे जरबेरा आमच्यासमोर उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, "बुवा, हे कुणी लावलं?" त्या जोडप्याचे नाव आम्ही तिला सांगितले. पूर्वी फूल कोठून आले हे पोराटोरांना ठाऊक असे, ते पुन्हा एकदा ठाऊक झाले.

आज रथापुढे जाताना प्रत्येकाने एकच फूल न्यावे, आणि ते ज्याने पिकविले त्याचे क्षणभर स्मरण करावे, एवढीच प्रार्थना. तीही श्रीरामार्पणमस्तु.