शिष्यवृत्ती आणि परवाना

पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांना शिक्षणाची संधी मिळवून देण्यासाठी जगात अनेक धर्मादाय संस्था झटत आहेत. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण नाही; आमचा आक्षेप त्यांच्या हिशेबाविषयी आहे. अमुक इतक्या शिष्यवृत्त्या दिल्या, हा आकडा अहवालाच्या अग्रभागी झळकतो. त्यांपैकी किती विद्यार्थी प्रत्यक्ष वर्गात जाऊन बसले, या प्रश्नाला तेवढा मान मिळत नाही. आमचे बहुसंख्य वाचक सरकारी सेवेत आहेत. मंजुरी आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये किती टेबले पडतात, हे त्यांना आम्ही सांगावयास नको.

२००८ सालचे उदाहरण घ्या. अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती गाझातील सात विद्यार्थ्यांना मिळाली होती. इस्राएल त्यांना बाहेर पडण्याचा परवाना देईना, म्हणून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्या शिष्यवृत्त्याच काढून घेतल्या! वृत्तपत्रांत बोभाटा झाल्यावर त्या परत देण्यात आल्या खऱ्या; पण पुढे तिघांचे व्हिसा पुन्हा रद्द झाले, आणि एकाला तर वॉशिंग्टनच्या विमानतळावर उतरल्यानंतर माघारी फिरावे लागले. सतरा वर्षांनंतर, २०२५ साली, ब्रिटनमध्ये प्रवेश आणि शिष्यवृत्ती दोन्ही पदरात पडलेले गाझाचे विद्यार्थी अडकून पडले. बोटांचे ठसे दिल्यावाचून व्हिसा नाही, आणि ठसे घेणारे गाझातील केंद्र तर २०२३ च्या ऑक्टोबरपासून बंद! लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा कोठे सप्टेंबरात पहिली तुकडी बाहेर पडली. परदेश राहो. गाझा आणि रामल्ला यांच्यामध्ये सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. तरी २००० सालापासून गाझाच्या मुलांना पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठांत जाऊन शिकण्याची वाट जवळजवळ बंदच आहे.

यावर असे उत्तर मिळते की, संस्थांनी राजकारणात पडू नये. त्यांचे काम पैसा पुरविण्याचे. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. ज्या घराला बाहेरून कुलूप आहे, त्या घरातील मुलाला आगगाडीचे तिकीट पाठवून कुलपाविषयी मौन पाळणे, याला अलिप्तता म्हणता येत नाही. फुलब्राइटचा निर्णय फिरला तो कोणी तरी बोलले म्हणून. ब्रिटनचेही तेच.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. हुशार मुलगा निवडून परदेशी पाठविणे सोपे, छायाचित्राला सोयीचे. पण त्याला हुशार करणारा शिक्षक मागेच राहतो. बीरझेत विद्यापीठाचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. १९२४ साली नबीहा नासिर यांनी काढलेल्या मुलींच्या शाळेतून ते वाढले. १९८८ च्या जानेवारीत लष्करी हुकुमाने ते बंद झाले, ते १९९२ च्या एप्रिलपर्यंत. चार वर्षांहून अधिक काळ फाटकाला टाळे होते. पण प्राध्यापकांनी घराघरांतून वर्ग चालविले. शाळाही बंद होत्या, आणि मोहल्ल्यांतील वर्गांवर बंदी होती. त्याच धामधुमीत, १९८९ मध्ये, तामेर ही लोकशिक्षणाची संस्था उभी राहिली, आणि मुलांच्या हाती पुस्तक देण्याच्या कामासाठी वीस वर्षांनी तिला आस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कार मिळाला. अब्दुल मुहसिन अल-कत्तान हे पुढे मोठे व्यावसायिक झाले, तरी मूळचे शिक्षक. त्यांच्या प्रतिष्ठानाने १९९८ पासून रामल्ला येथे शिक्षकांसाठीच संशोधन व विकासाचे केंद्र चालविले. २०१६ साली दहा लाख डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळविणाऱ्या हनान अल-हरूब या बेथलेहेमजवळच्या दहैशा निर्वासित छावणीत वाढलेल्या. हिंसेने भेदरलेल्या मुलांना खेळांतून शिकविण्याची त्यांची रीत त्याच मातीतली.

आणि अशा शिक्षकांची आजची स्थिती काय? पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या वतीने इस्राएल जो कर वसूल करते, तो अडवून धरला जातो. परिणामी २०२१ च्या अखेरीपासून सरकारी शाळांतील शिक्षकांना पुरा पगार मिळेनासा झाला. पहिल्या तारखेकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. गाझात तर २०२३ च्या ऑक्टोबरनंतर शाळाच उरल्या नाहीत. सहा लाखांहून अधिक मुलांचे नियमित शिक्षण थांबले. इस्रा विद्यापीठाची इमारत २०२४ च्या जानेवारीत सुरुंग लावून उडविण्यात आली. त्या वर्षी गाझाच्या मुलांना तौजिही, म्हणजे शालान्त परीक्षा, देताच आली नाही. २०२५ च्या जुलैत ती इंटरनेटवरून घेतली गेली, आणि तंबूत वर्ग भरविणारे शिक्षक त्यामागे होते. त्यांना वेतन देणारी योजना कोठे आहे? शिष्यवृत्तीइतके तिचे नाव होत नाही, हेच तिच्या दुर्लक्षाचे कारण असावे, असे आम्हांस वाटते.

भारताचाही येथे संबंध आहे. गाझाच्या अल-अझहर विद्यापीठात जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आणि दैर अल-बलाहच्या तंत्रविद्यालयात महात्मा गांधी ग्रंथालय, ही दोन्ही आपल्या साहाय्याने बांधली गेली. देणगी उत्तम, नावेही उत्तम. पण अल-अझहरच्या इमारती या युद्धात उद्ध्वस्त झाल्या, आणि इमारतीवर नाव कोरण्याइतका उत्साह ग्रंथपालाचा पगार देण्यात कोणत्याच देशाने दाखविलेला आम्हांस ठाऊक नाही.

आपले सरकार पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांना सांस्कृतिक संबंध परिषदेमार्फत शिष्यवृत्त्या देते. त्या कामाच्या नस्त्या आमच्या वाचकांपैकी काहींच्या टेबलावरून जात असतील. निवड झालेल्या नावापुढे ‘परवाना मिळाला काय?’ आणि ‘विद्यार्थी हजर झाला काय?’ असे दोन रकाने वाढविण्यास कोणत्याही वरिष्ठाची विशेष मंजुरी लागू नये.