मोरीच्या तळचें दोन इंच पाणी

ज्या जागेंत कपडे धुवावयाचे ती जागा कोरडी राहूं लागली, ही गोष्ट वरवर पाहणाऱ्यास सुधारणेची खूण वाटेल. पुण्यामुंबईकडील नव्या इमारतींत तर या जागेस ‘ड्राय बाल्कनी’ असें नांवच पडलें आहे. धुण्याचें यंत्र आपलें पाणी परस्पर सांडपाण्याच्या नळांत सोडतें, फरशी फडक्यानें पुसली जाते, आणि कोपऱ्यांतील जाळीवर महिनोन्महिने पाण्याचा थेंब पडत नाहीं. मग वैशाखांत एके दिवशीं घरांत गटाराची घाण येऊं लागते, रात्रीं झुरळें फिरूं लागतात, आणि दोष कोणाचा? तर घरांतील बायकांचा किंवा मोलकरणीचा! हा उघड अन्याय आहे. जिनें फरशी आरशासारखी ठेवली तिच्याच माथीं खापर फोडण्यापूर्वीं त्या जाळीखालीं काय आहे, हें घरधन्यानें एकदां वांकून पाहावें अशी आमची त्यास विनंति आहे.

जाळीखालच्या भागास कारागीर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. नांव आपल्या न्हाणीचेंच. त्यांत सुमारें ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, पाणी सदैव उभें असावें अशी योजना असते. हें पाणी म्हणजेच दार. तें वरचें सांडपाणी खालीं जाऊं देतें, पण खालचा वायु वर येऊं देत नाहीं. युक्ति जुनी आहे. लंडनमध्यें अलेक्झांडर कमिंग यानें १७७५ सालीं शौचकूपाच्या नळास इंग्रजी एस् अक्षरासारखा बांक देऊन तिचें पेटंट घेतलें. या दारास ना बिजागरी, ना कडी. परंतु तें वाळतें. उन्हाळ्यांत कांहीं आठवड्यांतच वाळतें. धाग्यांचा वा केसांचा पुंजका बांकावर अडकला तर तो दिव्याच्या वातीप्रमाणें पाणी ओढून पलीकडे सोडतो. कित्येक घरीं तर पाणी लवकर जावें म्हणून जाळीखालची वाटीच कोणीं काढून फेंकलेली असते. तेथें मग कितीहि पाणी ओता, दार उघडें तें उघडेंच!

कोणी सुशिक्षित गृहस्थ म्हणतील कीं, वासानें रोग होतात ही समजूत शास्त्रानें केव्हांच मोडीत काढली. खरें आहे. १८९६ च्या प्लेगांत मुंबईचीं गटारें जंतुनाशकांनीं धुण्यांत आलीं, आणि प्लेग मात्र उंदरांच्या पिसवांवाटे पसरत राहिला. परंतु वास निरुपद्रवी ठरला म्हणून त्याच्या वाटेनें येणारें सगळेंच निरुपद्रवी ठरत नाहीं. २००३ सालीं हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतींत तीनशेंहून अधिक रहिवाशांस सार्स रोग जडला व चाळिसांवर माणसें दगावलीं. चौकशींत काय निघालें? फरशी धुण्याऐवजीं पुसण्याची रीत पडल्यामुळें न्हाणीघरांतील ट्रॅप कोरडे पडले होते, आणि हवा बाहेर फेंकणाऱ्या पंख्यांच्या ओढीनें नळांतील दूषित तुषार घरांत शिरले असावे. एकाचें दुखणें सामाईक नळानें अनेकांच्या घरीं गेलें. आपल्या इमारतींतहि नळ सामाईकच आहेत. हाँगकाँग सरकारनें त्यानंतर रहिवाशांस जो उपाय सांगितला तो इतकाच कीं, प्रत्येक मोरींत आठवड्यांतून एकदां अर्धा लिटर पाणी ओतावें.

अर्धा लिटर! यावर पाण्याच्या टंचाईची सबब सांगणारे निघतीलच. २०१६ सालीं ज्या लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तेथील माणसानें ती सांगितली तर आम्हीं ती आदरानें ऐकूं. परंतु ट्रॅपला पिण्याचें पाणी लागत नाहीं, कपडे खळबळल्यावर उरलेलें चालतें. परगांवीं जावयाचें असल्यास पाणी ओतून वर चमचाभर गोडें तेल सोडावें, म्हणजे त्या थराखालीं पाणी सावकाश आटतें. नुसतें फिनेल शिंपडणें व्यर्थ होय. त्यानें घाण झांकते, दार लागत नाहीं. याहून शहाणपणाची व्यवस्था म्हणजे यंत्राचें किंवा हात धुण्याच्या भांड्याचें पाणी त्याच ट्रॅपच्या बगलेंतून जाऊं देणें, म्हणजे रोजच्या वापरानें तो आपोआप भरतो. बांधकामाचे वेळीं याचा खर्च क्षुल्लक असतो. पण जागा घेतांना आमचे व्यापारी बंधु फरशीचा रंग पाहतात, उंबऱ्याची दिशा पाहतात, हिशेबांतली पै सोडीत नाहींत. या एका गोष्टीची पृच्छा करणारा मात्र विरळा. गिऱ्हाइकानें विचारावयाचें नाहीं आणि बांधणारानें आपण होऊन करावयाचें, असा व्यवहार आमच्या पेठेंत तरी चालत नाहीं.

राहतां राहिलीं बंद घरें. धनी परदेशीं, आणि त्याच्या कोरड्या मोऱ्यांतून येणारी हवा दाराच्या फटींतून जिन्यांत. गृहसंस्थेच्या वार्षिक सभेंत गाड्या कोठें उभ्या कराव्या यावर दोन दोन तास खल होतो; त्यांतलीं पांच मिनिटें काढून, कोणत्या बंद घराची किल्ली कोणाकडे आहे आणि मे महिन्यांत तेथें पाणी ओतण्यास कोण जाणार, एवढें यंदाच्या सभेंत लिहून घ्यावें.