आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

ही म्हण आपण सर्वांनी पाठ केलेली आहे. परंतु प्रसंग आला की आपण नेमके तिच्याप्रमाणेच वागतो. गेल्या वैशाखात आमच्या घरी असा प्रसंग आला.

नागपूरच्या मामांनी सहा वर्षे वापरून आम्हांस दिलेला संगणक चालू करताच मंद होई आणि थोड्याच वेळात आपोआप बंद पडे. दादाचा महाविद्यालयीन अहवाल त्यातच अडकलेला, आणि तो दोन दिवसांत सादर करावयाचा होता. मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कोणी म्हणाले, व्हायरस शिरला. कोणी म्हणाले, बेज्जूरच्या उन्हाचा प्रताप. कोणी म्हणाले, नवाच घ्या. आम्ही पेटी उघडून टेबलफॅन लावला. व्यर्थ!

अखेर दादाने विचारले, "उष्णता नेमकी अडते कोठे?"

ह्या संगणकाचा प्रोसेसर द्रवाने थंड होतो. त्यावर तांब्याची चकती असते. पंप तिच्यातून द्रव फिरवतो. नळ्यांवाटे उष्णता रेडिएटरात जाते आणि पंखे ती हवेत सोडतात. मोटारीच्या इंजिनातही अशीच योजना असते. परंतु वर्षे लोटली की नळ्यांतून द्रव कणाकणाने उडून जातो, बुडबुडे साठतात, चकतीच्या बारीक खाचांत गाळ बसतो आणि पंप झिजतो. अशा वेळी संगणक मंद होतो तो आळसाने नव्हे, तर स्वतःला जळण्यापासून वाचविण्यासाठी.

दादाने प्रथम वीज तोडून रेडिएटरची धूळ झाडली. मग बायोसच्या पडद्यावर तापमान पाहिले. काही काम नसतानाही ते दोन मिनिटांत ९० अंशांपलीकडे गेले. खोली २५ ऐवजी ४२ अंशांवर असली, तर फरक सुमारे १७ अंशांचा. तेव्हा सारा दोष उन्हाचा नव्हता. शेवटी त्याने रेडिएटरला हात लावला. प्रोसेसर भाजत होता, रेडिएटर मात्र थंडगार! उष्णता तेथवर पोहोचतच नव्हती. पंप मेला होता, आणि आम्ही वारा घालत होतो पेटीला!

ते कूलर सीलबंद. त्यात द्रव भरता येत नाही. दादाने कागजनगरहून पत्र्यांचे साधे हवाई कूलर आणले, प्रोसेसरवरील वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली आणि ते बसविले. अहवाल वेळेवर गेला.

ह्यावरून द्रवशीतन वाईट, असे मी म्हणत नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसविलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही द्रवानेच थंड ठेवला जातो. परंतु अशा यंत्राच्या दिमतीस जाणकार माणसे असतात. आपल्या गावात मात्र ज्याचा बिघाड डोळ्यांना दिसेल आणि हातांना दुरुस्त करता येईल, तेच साधन शहाणपणाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या कूलरचा पंखा थांबला तर लहान मूलही सांगेल. बंद नळीतला पंप थांबला तर कोणास कळते?

मित्रहो, यंत्र असो वा अभ्यासातील अपयश, नवे काही विकत आणण्यापूर्वी अथवा दैवाला बोल लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: आग कोठे लागली आहे? बंब मग तेथेच न्यावा.