वाईन शॉपमध्ये वाईन कुठंय?

मंडळी, आपल्या विश्रांतवाडीत दारूच्या दुकानाला सगळे वाईन शॉप म्हणतात. पाटीवरही ‘वाईन्स’च लिहिलेलं असतं. आत मात्र व्हिस्की, रम, व्होडका, आणि फ्रीजभर बियर. वाईन कुठं? रस्त्याकडच्या काचेत, उभी, धूळ खात, दुपारच्या उन्हात.

परवा लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. बायको म्हणाली, हॉटेल नको, घरीच मटण करते, तू एक बरी रेड वाईन आण, हजाराच्या आतली. (ती स्वतःच गेली असती, पण त्या जाळीपुढच्या धक्काबुक्कीत कुठली बाई शांतपणे लेबलं वाचत उभी राहणार?) इथल्याच एका दुकानातून साडेसातशेची शिराझ आणली. उघडली तर उकडलेल्या मनुकांचा वास आणि चव आंबटढाण. मग बाटलीवरचा महिना वाचला. तीन वर्षांपूर्वीचा! आधी वाचला नाही ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला विचारलं, तर म्हणतो, “काका, वाईन जेवढी जुनी तेवढी भारी.”

ही शुद्ध थाप आहे. स्वस्त रेड वाईन मुरवायला नसते, वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायला असते. तिला ऊन आणि उकाडा सोसत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. बियरला फ्रीज आणि वाईनला खिडकी, हा कुठला न्याय?

बरं, ही बाटली काही फ्रान्सहून बोटीनं येत नाही. नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी ऐंशीच्या दशकातच वाईन काढली. दौंड तालुक्यात रोटीला वायनरी आहे, तिकडे अकलूजला आहे, नाशिकचं तर सांगायलाच नको. माल चांगला निघतो. त्याची माती होते ती आपल्या चौकात.

आणि यात आपलाही पैसा आहे. राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनवर २० टक्के व्हॅट, त्यातले १६ टक्के सरकार वायनऱ्यांना परत देतं. कारण काय, तर शेतकरी. ठीक आहे, द्या. पण ज्या बाटलीसाठी तिजोरी सैल करता, ती दुकानात कशी ठेवतात हे बघायला कुणी येतं का?

जानेवारी २०२२ आठवतो? सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला आणि राज्यभर रणकंदन माजलं. एक बाजू म्हणे वाईन म्हणजे दारू नाहीच. अहो, दारूच आहे ती, बारा-तेरा टक्क्यांची, उगाच औषध म्हणून विकू नका. दुसरी बाजू म्हणे महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होणार. हे म्हणताना नाक्यानाक्यावरची व्हिस्कीची दुकानं कुणाला दिसली नाहीत. अण्णा हजारे उपोषणाला बसायला निघाले, सरकारनं हरकती मागवल्या, आणि निर्णय राहिला कागदावर.

मला सुपरमार्केट नकोच आहे. शेजारी चॉकलेटं घेणारी पोरं असतात. आहे त्याच दुकानाच्या परवान्यात दोन अटी घाला: वाईन उन्हात ठेवायची नाही, आणि बाटलीबंद केल्याचा महिना किमतीशेजारी ठळक लिहायचा. उत्पादन शुल्क खात्याला यासाठी मंत्रिमंडळाची बैठक लागू नये.

तोवर मी फिरकीच्या झाकणाची, याच वर्षातली बाटली मागतो, तीही आतल्या खोक्यातली. दुकानदार वैतागतो. धानोरी-टिंगरेनगर भागात सावलीत वाईन ठेवणारा कुणी माहीत असेल तर सांगा, बायकोला एक बाटली देणं लागतो मी.