सुलतान बाजारच का?

हैदराबादेतील मराठी माणसांच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. माणसे राहावयास गेली कुकटपल्ली-मियापूरकडे. ग्रंथालये आणि सभागृहे मात्र कोठी, सुलतान बाजाराच्या गर्दीत. काहींचे म्हणणे असे की, जुन्या जागा विकून उपनगरात प्रशस्त वास्तू बांधावी. इतरांना वाडवडिलांची जागा सोडणे हा केवळ अधर्म वाटतो. आम्ही दोन्ही पक्षांना एकच विचारतो : वाडवडिलांनी हीच जागा का निवडली? कोणी म्हणतात, बाजारपेठ जवळ म्हणून. एक वयोवृद्ध शेजारी तर “भाडे स्वस्त होते, मास्तर,” असे म्हणून विषयच मिटवितात.

खरे कारण राजकीय आहे. ब्रिटिश रेसिडेन्सीभोवतीचे बाजार निजामाच्या राजधानीत असूनही निजामाच्या अंमलाखाली नव्हते. तेथे रेसिडेंटाचा अधिकार चाले. निजामी हद्दीत पुढे ‘गश्ती निशान ५३’ आले आणि साध्या जाहीर सभेलाही आगाऊ परवानगी लागू लागली. रेसिडेन्सीच्या हद्दीत त्या मानाने श्वास मोकळा होता. इंग्रज उदार होते असे मुळीच नव्हे. दोन अंमलांच्या फटीत उभे राहावयास जागा मिळाली, इतकेच. १८९२ मध्ये आर्य समाज, १९०१ मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम याच भागात उभे राहिले. केशवराव कोरटकरांसारख्या धुरीणांच्या परिश्रमांतून १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनी आणि १९२२ चे मराठी ग्रंथ संग्रहालय याच आसमंतातले. आपली मंडळी तेलुगु मंडळींच्या शेजारी काम करावयास शिकली ती येथेच. या शेजाराचा उल्लेख आपल्या वर्धापनदिनांच्या भाषणांत क्वचितच होतो, याचे आम्हांस नवल वाटते.

१९३३ मध्ये रेसिडेन्सी बाजार निजामाकडे परत गेले आणि १९४८ मध्ये निजामाचा अंमलच संपला. जागेचे मूळ प्रयोजन तेव्हाच सरले. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि संस्थांना निराळेच काम आले. काल राज्यातील एका प्रमुख भाषेचे असलेले लोक एका दिवसात अल्पसंख्य ठरले. बरीच घरे हलली. जी राहिली, त्यांना चार मराठी माणसे एकत्र भेटण्याचे ठिकाण म्हणजे याच वास्तू.

म्हणून ‘पवित्र जागा’ हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. ज्यांनी ती निवडली त्यांनी सोय आणि स्वातंत्र्य पाहिले होते. पण ‘लांब पडते’ हेही आता पुरते खरे नाही. २०१८ पासून मियापूरहून मेट्रो थेट कोठीजवळच्या उस्मानिया मेडिकल कॉलेज स्थानकावर येते, आणि २०२० पासून खुद्द सुलतान बाजारालाही स्थानक आहे. उपनगरात शाखा अवश्य काढावी, रविवारी मुलांचे वर्ग तेथे भरवावेत. मूळ वास्तू विकण्याचा विचार मात्र तूर्त बाजूला ठेवावा. विकलेली जागा कोठीत पुन्हा घेण्याची ऐपत आपल्यापैकी कोणत्या संस्थेची आहे?

ज्यांच्या घरी १९५६ पूर्वीची इतिवृत्ते, वर्गणीच्या पावत्या वा सभांच्या निमंत्रणपत्रिका असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता आम्हांस दाखवाव्यात. पत्ते आणि मोहल्ल्यांची नावे त्यांतूनच कळतील. पुढील लेखांकात त्यांविषयी लिहू.