दुसरा फोटो कोणाचा?

'डबल एक्स्पोजर' म्हटलं की आपल्या कॉलेजात एकच फोटो डोळ्यांसमोर येतो. कुणाचा तरी बाजूने घेतलेला काळा चेहरा आणि त्याच्या डोक्यातून उगवलेलं पाइनचं जंगल! डोकं वसईचं, जंगल कॅनडाचं. ज्याचा चेहरा आहे त्याने जन्मात पाइनचं झाड पाहिलेलं नसतं. घराजवळ सुरूची बाग असते, पण ती 'कूल' वाटत नाही ना!

या वर्षी आमच्या फोटोग्राफी ग्रुपने डबल एक्स्पोजर पोर्ट्रेटचं प्रोजेक्ट घेतलं. वसई-विरारमधली माणसं, त्यांचे चेहरे आणि प्रत्येक चेहऱ्यात मिसळलेलं दुसरं चित्र. ते करताना माझं एक मत पक्कं झालं. दुसरा फोटो कशाचा असावा हे फोटोग्राफरने ठरवू नये. ज्याचा चेहरा, त्याने ठरवावं.

आधी थोडं टेक्निकल, कारण आपण शेवटी इंजिनिअरच! फिल्मच्या एकाच तुकड्यावर दोनदा प्रकाश पाडला की दोन्ही वेळचा प्रकाश एकत्र जमा होतो. म्हणून दोन्ही वेळा एकेक स्टॉप कमी द्यायचा. एरवी १/१२५ सेकंद लागत असेल तर दोन्हींना १/२५०. माणसाला पांढऱ्या आकाशासमोर उभं केलं तर गंमत आणखी वाढते. आकाशाच्या जागी फिल्म आधीच 'भरून' जाते, तिथे दुसरं चित्र उमटायला जागाच उरत नाही. काळोख्या चेहऱ्याच्या जागी मात्र फिल्म जवळजवळ कोरी राहते आणि दुसरं चित्र नेमकं तिथेच उमटतं.

कॉम्प्युटरवर हेच काम 'स्क्रीन' नावाचा ब्लेंड मोड करतो. काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे १ धरा. उत्तर = १ − (१ − अ)(१ − ब). ० आणि १ घालून बघा. दोन्ही ० असतील तरच ०, नाहीतर १. अरे, ही तर आपली ऑर गेट! सेकंड इयरला जिच्या ट्रूथ टेबलला आपण जांभया दिल्या, ती इथे माणसाच्या गालावर बसलेली असते.

म्हणजे तंत्र सोपं आहे. आज फोनवर बोट फिरवलं की होतं, आणि एआयला सांगितलं तर बोटही फिरवायला नको. म्हणूनच 'कसं केलं?' यापेक्षा 'दुसरं चित्र हेच का?' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत १८६० च्या दशकात विल्यम मम्लर नावाचा फोटोग्राफर होता. त्याने काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये माणसामागे एक धूसर आकृती दिसे आणि हा तुमचा मेलेला नातेवाईक, असं सांगितलं जाई. तिकडे यादवी युद्धात घरोघरी माणसं गेलेली, त्यामुळे गिऱ्हाइकांची रांग. १८६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. पुराव्याअभावी तो सुटला. पुढे अब्राहम लिंकनच्या विधवा पत्नीनेही त्याच्याकडून फोटो काढून घेतला. समोर बसलेल्याचं दुःख खरं होतं, पण मागची आकृती कोणाची हे ठरवणारा दुसराच होता. मला तिथेच गोम दिसते.

आपल्याकडे हीच विद्या दादासाहेब फाळक्यांनी सरळ खेळ म्हणून वापरली. बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकलेल्या आणि गोध्र्याला स्टुडिओ चालवलेल्या या माणसाने १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये कंसाचं मुंडकं धडावेगळं करून परत जागेवर आणून बसवलं! प्रेक्षकाला ठाऊक असतं की ही जादू आहे. तिथे फसवणूक नाही.

आता आमच्या प्रोजेक्टकडे येतो. पहिल्याच मीटिंगमध्ये भांडण. निम्म्या ग्रुपचं म्हणणं, सगळ्यांच्या चेहऱ्यात वसईचा किल्ला टाकू. थीम एक राहील, प्रदर्शन उठून दिसेल. पोर्तुगीज १५३४ ला आले, चिमाजी अप्पांनी १७३९ ला किल्ला जिंकला, म्हणजे खाली लिहायला मजकूरही तयार! माझा विरोध होता. किल्ला आपल्या सगळ्यांचा आहे हे मान्य, पण म्हणून तो प्रत्येकाच्या डोक्यात आहे असं कोणी सांगितलं? शेवटी ठरलं, विचारून तर बघू.

पाचूबंदरच्या एका कोळीण मावशींना विचारलं. किल्ला त्यांच्या हाकेच्या अंतरावर. त्या म्हणाल्या, "किल्ला बघायला तर मुंबईहून माणसं येतात. माझे बोंबील घे की!" मग बांबूवर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा घेतल्या. त्या रांगा त्यांच्या गालावर अशा काही उतरल्या की ब्लेंडिंगचे सगळे ट्युटोरियल फिके पडावेत.

सोनचाफ्याची वाडी असलेल्या एका काकांकडे आम्ही फुलांचा क्लोज-अप ठरवूनच गेलो होतो. काका हसले. "फुलं वाडीत लागतात रे, पण विकायची दादरला. माझी निम्मी जिंदगी पहाटेच्या गाडीत गेली. ती टाक." मग पहाटे वसई रोड स्टेशनवर उभे राहिलो. काळोखात येणारी उजळलेली लोकल आज त्यांच्या चेहऱ्यातून जाते आहे. फुलाचा फोटो सुंदर आला असता, यात शंका नाही. पण तो कोणाच्याही चेहऱ्यात चालला असता.

वालीवच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या, नालासोपाऱ्यात राहणाऱ्या काकांनी कोकणातलं घर मागितलं. ते घर केव्हाच पडलं! उरलाय तो अल्बममधला एक पिवळा फोटो. ग्रुपचा नियम होता की दोन्ही फोटो आपणच काढायचे. मी म्हटलं, त्या जुन्या फोटोचा फोटो काढू. टेबलावर ठेवला, खिडकीच्या उजेडात काढला, कडा दुमडलेल्या तशाच ठेवल्या. माझ्या मते तो नियमात बसतो. आणि बसत नसेल तर नियम बदला.

एका आजींनी "दुसरं काही नको, मी आहे तशीच बरी" असं सांगितलं. त्यांचा साधा फोटो लावला. तोही उत्तरच आहे.

यावर आक्षेप येतो तो असा: माणसांना निवडू दिलं तर मग फोटोग्राफर कशाला? कलाकाराचं स्वातंत्र्य कुठे गेलं? बाबांनो, उजेड कुठून घ्यायचा, चेहरा किती वळवायचा, गाडीचा दिवा नेमका कुठे आणायचा, हे सगळं आपल्याच हातात राहतं. उलट काम अवघड होतं, कारण सोयीचं चित्र मिळत नाही. आणि इंजिनिअरला 'रिक्वायरमेंट' दुसऱ्याकडून घ्यायची सवय असायलाच हवी! गिऱ्हाइकाला न विचारता बनवलेलं मशीन गोदामात पडून राहतं.

दुसरा आक्षेप, बघणाऱ्याला हे कळणार कसं? बोंबील कळतात हो! आणि जिथे कळत नाही तिथे खाली दोन ओळी लिहा, त्या माणसाच्याच शब्दांत.

पुढच्या बॅचला सांगणं एवढंच. नेटवरून झाड डाउनलोड करू नका. चेहरा घ्यायला जाल तेव्हा कॅमेरा बॅगेत ठेवून आधी विचारा की तुमच्या आत काय टाकू. उत्तर यायला वेळ लागेल, चहा होईल, कदाचित दुसऱ्या दिवशी पहाटे स्टेशनवर जावं लागेल. प्रिंट झाल्यावर पहिली कॉपी त्या माणसाच्या हातात द्या. त्याला स्वतःची ओळख पटली तर प्रोजेक्ट पास. मार्क काय, एक्स्टर्नल देईल तेवढे देईल!